महिलांचं बास्केटबॉल १९९७ ला सुरू झालं का? आणि छोटा बॉल म्हणजे सोपा खेळ का?

प्रश्न दोन आहेत. एक, महिलांचं बास्केटबॉल म्हणजे डब्ल्यूएनबीए, म्हणजे अमेरिकेतली महिलांची प्रो लीग, १९९७ ला आल्यानंतरचीच गोष्ट ना, त्याआधी काही होतं का? आणि दोन, बॉल छोटा असतो, डंक (उडी मारून बॉल वरून रिंगमध्ये कोंबणं) फारसे नसतात, म्हणजे हे पुरुषांच्या खेळाचं सोपं व्हर्जन आहे असं म्हणायचं का? मी बरीच वर्षं मुलींच्या टीमना कोचिंग करतेय आणि हे दोन्ही प्रश्न मला जवळपास दर सीझनला कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा मुलीला पहिल्यांदा ग्राउंडवर सोडायला आलेले पालक. म्हणून एकदाच नीट लिहून टाकते, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी पहिल्याचं थोडक्यात उत्तर. नाही. बास्केटबॉल हा खेळच जेम्स नाइस्मिथने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला काढला आणि पुढच्या काही महिन्यांतच मुली तो खेळायला लागल्या होत्या. जवळच्या शाळेतल्या शिक्षिका मॅच बघायला यायच्या, त्यांनी आम्हालाही खेळायचंय म्हटलं, आणि त्या सुरुवातीच्या खेळणाऱ्यांमध्ये मॉड शर्मन होती जिच्याशी नाइस्मिथचं पुढे लग्न झालं. म्हणजे खेळ पुरुषांचा आणि शंभर वर्षांनी बायकांना दिला, असं काही झालेलंच नाही. झालं ते वेगळंच, आणि माझ्या मते जास्त इंटरेस्टिंग आहे. मुलींनी खेळ लगेच उचलला, मग कोणीतरी येऊन त्याला नियम लावून आवळलं, मग थोडं सोडलं, परत आवळलं. हा ग्राफ सरळ वर जाणारा नाहीच. आणि प्रत्येक वेळी आवळताना सांगितलं जायचं की हे तुमच्याच भल्यासाठी आहे.

स्प्रिंगफिल्डपासून जवळच नॉर्थॅम्प्टनला स्मिथ कॉलेज आहे, मुलींचं. तिथे सेंडा बेरेन्सन नावाची व्यायामशिक्षिका होती, मूळची लिथुआनियातली. तिने नव्या खेळाबद्दल वाचलं आणि १८९२ मध्ये मुलींना शिकवायला घेतला. २२ मार्च १८९३ ला तिथे फर्स्ट इयर आणि सेकंड इयरच्या मुलींची मॅच झाली, पुरुषांना आत प्रवेश नव्हता, बाकी जिम गच्च भरलेलं. जंप बॉलसाठी बेरेन्सननेच बॉल वर टाकला तर तिचा हात समोरच्या मुलीच्या उचललेल्या हाताला असा लागला की त्या मुलीचा खांदाच निखळला! पहिला बॉल नीट खेळला जायच्या आत इंज्युरी. तिला बाजूला नेलं आणि मॅच पुढे चालू. सेकंड इयर ५-४ ने जिंकलं.

आता बेरेन्सनने नियम बदलले ते असे: कोर्टचे तीन भाग, प्रत्येक भागात ठरलेल्या मुली, आपला भाग सोडायचा नाही. समोरच्याच्या हातातून बॉल हिसकावायचा नाही, तीन सेकंदांपेक्षा जास्त धरायचा नाही, तीनपेक्षा जास्त वेळा ड्रिबल नाही. आज हे वाचून राग येतो, मला पण येतो, पण तिच्या बाजूने एक सांगायला पाहिजे. त्या काळात डॉक्टर लोकच छातीठोकपणे सांगायचे की जास्त धावलं की बाईच्या नसा कमजोर होतात, पुढे मूल होण्यात अडचण येते वगैरे. कॉलेजवाल्यांना खेळ 'रफ' वाटला असता तर सरळ बंदच केला असता. तिने नियम मवाळ करून खेळ आत घुसवला असं मी म्हणेन. १८९६ मध्ये ४ एप्रिलला सॅन फ्रान्सिस्कोत स्टॅनफर्ड आणि बर्कलीच्या मुलींची मॅच झाली, दोन कॉलेजमधली पहिलीच, एका बाजूला नऊ नऊ मुली आणि स्कोअर २-१, स्टॅनफर्ड जिंकलं. तिथेही प्रेक्षक फक्त बायका.

गंमत अशी की तात्पुरती म्हणून घातलेली ही कुंपणं पुढे पाऊणशे वर्षं, काही ठिकाणी तर त्याहून जास्त टिकली. १९३८ मध्ये तीन भागांचे दोन झाले आणि टीम सहा जणींची झाली, यालाच सिक्स ऑन सिक्स म्हणतात. हा खेळ कसा चालायचा ते नीट समजून घ्या कारण दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. कोर्टच्या मधोमध एक रेघ. अलीकडे आपल्या तीन गार्ड, पलीकडे आपल्या तीन फॉरवर्ड, रेघ कोणीच ओलांडायची नाही. शॉट फक्त फॉरवर्डने मारायचा. बॉल हातात आला की दोनच ड्रिबल, म्हणजे बॉल घेऊन पळत सुटणं हा प्रकारच नाही, मग फॉरवर्डकडे उरतं काय तर पाय आणि खांदे. पिव्होट म्हणजे एका पायावर वळणं, हुलकावणी, उलटा पिव्होट, पास देऊन कट म्हणजे झटकन रिकाम्या जागी पळणं, परत पास घेऊन दोन ड्रिबलमध्ये रिंगखाली. आणि गार्ड? ती डिफेन्स करणार, रिंगवरून परत आलेला बॉल (रिबाउंड) घेणार, दोन ड्रिबलमध्ये जमेल तितकं रेघेपर्यंत येणार, बॉल पलीकडे देणार आणि मग कमरेवर हात ठेवून बघत उभी राहणार. तिला फाउल झाला तरी फ्री थ्रो दुसऱ्या टोकाची फॉरवर्ड मारणार! शाळेची चारही वर्षं खेळून मॅचमध्ये एकही शॉट न मारलेल्या मुली यात होत्या, आणि चांगल्या खेळाडू होत्या त्या.

तरी लोकांना हा खेळ प्रचंड आवडायचा हे पण खरंय. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात तर मुलींची स्टेट टूर्नामेंट म्हणजे मोठा इव्हेंट. १९६८ च्या फायनलमध्ये डेनिस लाँग आणि जीनेट ओल्सन समोरासमोर होत्या, लाँगने ६४ पॉइंट केले, ओल्सनने ७६, मॅच ओव्हरटाइममध्ये गेली आणि ७६ वाली हरली. पुढच्या वर्षी लाँगला सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने, म्हणजे पुरुषांच्या एनबीए टीमने, ड्राफ्टमध्ये निवडलं, अर्थात ते चाललं नाही. आयोवाने सिक्स ऑन सिक्स १९९३ मध्ये बंद केलं आणि ओक्लाहोमाने १९९५ मध्ये. तारीख परत वाचा. डब्ल्यूएनबीएच्या जेमतेम दोन वर्षं आधीपर्यंत काही मुली अर्ध्याच कोर्टवर खेळत होत्या.

नियमांपेक्षा जास्त नुकसान मात्र १९२० च्या दशकात झालं असं मला वाटतं. १९२३ मध्ये अमेरिकेत शिक्षिका आणि अधिकारी बायकांचीच एक संघटना झाली, पुढाकार लू हेन्री हूवरचा, म्हणजे नंतर जी फर्स्ट लेडी झाली ती. त्यांचं म्हणणं, मुलींना चुरशीचे सामने नकोत, प्रवास नको, तिकीट लावून प्रेक्षक नकोत. त्याऐवजी 'प्ले डे' करायचे, वेगवेगळ्या कॉलेजच्या मुली एकत्र यायच्या, टीम मिसळून टाकायच्या म्हणजे कोण जिंकलं हा विषयच नको. हेतू वाईट नव्हता, मुलींना पुरुष मॅनेजर लोक पिळून घेतात ही भीती खरी होती. पण परिणाम काय झाला? बहुतेक कॉलेजांत दोन पिढ्या सिरियस बास्केटबॉल गायब.

मग खेळ गेला कुठे, तर कंपन्यांमध्ये. विमा कंपन्या, कापड गिरण्या, बिझनेस कॉलेजं यांच्या टीम असायच्या, १९२६ पासून एएयू या हौशी खेळांच्या संघटनेची नॅशनल चॅम्पियनशिप सुरू झाली. बेब डिड्रिक्सन ही डॅलसच्या विमा कंपनीत टायपिस्ट म्हणून कामाला होती पण घेतली होती बास्केटबॉलसाठी, १९३१ मध्ये टीमने नॅशनल जिंकलं आणि पुढच्या वर्षी तिने ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सची दोन गोल्ड आणली. टेक्ससमधल्या वेलँड बॅप्टिस्ट कॉलेजच्या फ्लाइंग क्वीन्स १९५३ ते १९५८ मध्ये सलग १३१ मॅच जिंकल्या. कॅनडात एडमंटन ग्रॅड्स होत्या, एका शाळेच्या माजी विद्यार्थिनींची टीम, पर्सी पेज नावाचा कोच, १९१५ ते १९४० मध्ये पाचशेच्या वर मॅच जिंकल्या आणि हरल्या जेमतेम वीस. इतकं पर्सेंटेज सलग पंचवीस वर्षं टिकवलेली दुसरी टीम मला तरी माहीत नाही. अर्ध्याहून जास्त बास्केटबॉलप्रेमींनी हे नावच ऐकलेलं नसतं.

आणि अमेरिका म्हणजे जग नाही हे पण लक्षात ठेवा. युरोपात महिलांची चॅम्पियनशिप १९३८ मध्येच रोमला झाली, वर्ल्ड चॅम्पियनशिप १९५३ मध्ये चिलीत. पहिल्या दोन अमेरिकेने जिंकल्या आणि मग १९५९ ते १९७५ सलग पाच वेळा सोव्हिएत युनियन. तिकडे रेघ वगैरे भानगड नव्हती, पाच जणी, पूर्ण कोर्ट. लॅटव्हियाची टीटीटी रिगा ही क्लब टीम युरोपियन कप अठरा वेळा जिंकली आणि त्यांच्याकडे उलियाना सेमियोनोव्हा होती, उंची सात फूट. लोक म्हणतात उंच होती म्हणून. अहो उंच मुली मी पण बघितल्यात, रिंगजवळ बॉल घेतल्यावर दोन डिफेंडर अंगावर यायच्या आत कुठे पास द्यायचा हे कळणं उंचीने येत नाही. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं, पुरुषांच्या बरोबर ४० वर्षांनी. सोव्हिएतने अमेरिकेला ११२-७७ ने धुतलं. त्या ऑलिंपिकमधला पहिला बास्केट मात्र अमेरिकेच्या लुशिया हॅरिसचा.

अमेरिका मागे का पडली याचं उत्तर वर येऊन गेलंय. अधिकृतपणे पाच जणींचा फुल कोर्ट खेळ कॉलेजमध्ये १९७१ मध्ये आला. त्याच्या पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये, टायटल नाइन कायदा आला. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नाही, फक्त एवढंच की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुठल्याही उपक्रमातून वगळायचं नाही. पण परिणाम बघा, १९७१-७२ मध्ये अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये सगळे खेळ धरून सुमारे ३ लाख मुली खेळत होत्या आणि १९७७-७८ पर्यंत २० लाखांच्या वर गेल्या. सहा वर्षांत! मुलींची आवड काय सहा वर्षांत सात पट झाली का? आवड होतीच, ग्राउंडची चावी मिळाली.

पैसे मात्र लगेच आले नाहीत. १९७२ ची पहिली कॉलेज नॅशनल चॅम्पियनशिप इमॅक्युलाटा या पेनसिल्व्हेनियातल्या छोट्या कॅथलिक कॉलेजने जिंकली. टूर्नामेंटला जायला पैसे नाहीत म्हणून टूथब्रश विकून गोळा केले, विमानाची तिकिटं पुरली आठच खेळाडूंना. त्यांच्या नन्स प्रेक्षकांत बसून बादल्या बडवायच्या. सलग तीन वर्षं जिंकल्या आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांच्या मॅचला १२ हजारांच्या आसपास लोक आले. पॅट समिट १९७४ मध्ये टेनेसीची हेड कोच झाली तेव्हा २२ वर्षांची, पगार महिना २५० डॉलर, टीमची व्हॅन तीच चालवायची आणि युनिफॉर्म तीच धुवायची. रिटायर झाली २०१२ मध्ये, १०९८ विजय आणि आठ टायटल घेऊन. मधेच १९७६ ला ऑलिंपिकमध्ये खेळून सिल्व्हर पण आणलं होतं. गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर.

एक गोष्ट मला जाम खटकते ती इथेच सांगते. १९८२ पर्यंत कॉलेजच्या मुलींचा कारभार एआयएडब्ल्यू ही वेगळी संघटना बघायची. मग एनसीएएने, म्हणजे पुरुषांच्या कॉलेज खेळांचा कारभार बघणाऱ्या मोठ्या संघटनेने, स्वतःची महिला टूर्नामेंट सुरू केली आणि ती संघटना बंद पडली. तिच्या काळातले रेकॉर्ड एनसीएए आपल्या पुस्तकात धरत नव्हती. म्हणून २०२४ मध्ये कॉलेज खेळाडू केटलिन क्लार्क आधी केल्सी प्लमचं सगळ्यांत जास्त पॉइंटचं रेकॉर्ड मोडते, बातम्या होतात, आणि दोन आठवड्यांनी कोणीतरी आठवण करून देतं की लिनेट वुडार्डचे ३६४९ पॉइंट अजून पुढे आहेत. वुडार्ड १९७७ ते १९८१ खेळली, पुरुषांच्या साइजच्या बॉलने, थ्री पॉइंट लाइन, म्हणजे जिच्या बाहेरून शॉटला तीन पॉइंट मिळतात ती रेघ, नसताना. क्लार्क ३९५१ वर थांबली, ती अफाट खेळाडू आहे याबद्दल वादच नाही, तिचा कोर्टच्या मधल्या लोगोजवळून मारलेला लांबचा शॉट मी माझ्या मुलींना स्लो मोशनमध्ये दाखवते. पण छोट्या कॉलेजात खेळलेल्या पर्ल मूरचे ४०६१ आहेत. या मुली कोणाच्या टीव्हीवर आल्याच नाहीत, म्हणून तुम्हाला वाटतं खेळ १९९७ ला सुरू झाला.

प्रो लीगचं पटकन सांगते. १९७८ मध्ये डब्ल्यूबीएल निघाली, तीन सीझनमध्ये बंद, खेळाडूंचे पगार थकलेले. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकआधी अमेरिकेने टीम वर्षभर एकत्र ठेवली, सराव मॅच ५२ पैकी ५२ जिंकल्या, मग ऑलिंपिकच्या आठ. त्या लाटेवर दोन लीग आल्या. एबीएल डिसेंबर १९९८ मध्ये बुडाली, डब्ल्यूएनबीए टिकली कारण मागे एनबीएचा पैसा आणि स्टेडियम होती. २१ जून १९९७ ला आठ टीमनी सुरुवात, पहिली चार टायटल ह्यूस्टन कॉमेट्सची, आणि तीच टीम २००८ मध्ये मालक मिळेना म्हणून बंद. पगार इतके कमी की टॉपच्या खेळाडू हिवाळ्यात रशिया, तुर्कस्तान, चीनला जायच्या. २०१५ मध्ये डब्ल्यूएनबीएची स्टार डायना टॉरासीला रशियातल्या क्लबने चक्क अमेरिकेत न खेळता आराम करायचे पैसे दिले आणि तिने तो सीझन सोडला. तशीच दुसरी स्टार ब्रिटनी ग्राइनर २०२२ मध्ये रशियात अटकेत गेली तेव्हा लोक विचारत होते ती तिथे करत काय होती. नोकरी करत होती, तिच्यासारख्या बऱ्याच जणी करायच्या तशी.

आता दुसरा प्रश्न, छोटा बॉल. महिलांचा बॉल साइज ६, घेर साडेअठ्ठावीस इंच, पुरुषांचा साइज ७, साडेएकोणतीस. एक इंचाचा फरक आणि वजनात साधारण दोन औंस. अमेरिकन कॉलेजमध्ये हा १९८४-८५ च्या सीझनपासून आला, आंतरराष्ट्रीय पातळीवर २००४ मध्ये. कारण हाताचा पंजा, बाकी काही नाही. पंजा लहान असताना मोठा बॉल दिला की मुलगी शॉट खांद्यातून ढकलते, कोपर बाहेर जातं, दुसऱ्या हाताचा अंगठा बॉलला धक्का देतो आणि बॉल बाजूला फिरत जातो. योग्य बॉल दिला की बोटांची टोकं शिवणीवर बसतात, मनगट मोकळं होतं, एका हाताचा शॉट येतो. रिंग तेवढीच उंच, ३.०५ मीटर. आंतरराष्ट्रीय थ्री पॉइंट लाइन तीच, ६.७५ मीटर. सोपं काय आहे मग? उलट शॉट क्लॉक, म्हणजे ठरलेल्या वेळात शॉट मारायचाच हा नियम, अमेरिकन कॉलेजांत महिलांकडे १९७० च्या आसपास आलं, ३० सेकंदांचं, पुरुषांकडे १९८५ मध्ये. पुरुष तेव्हा बॉल धरून वेळ काढायचे.

डंकबद्दल. जॉर्जॲन वेल्सने १९८४ मध्येच कॉलेज मॅचमध्ये मारलाय, लिसा लेस्लीने २००२ मध्ये डब्ल्यूएनबीएत. पण डंक मोजून खेळ कळत नाही. टोकियो ऑलिंपिकमधली जपानची टीम बघा, सगळ्यांत बुटक्या टीमपैकी एक, पाच जणी बाहेर पसरलेल्या, सतत कट, सतत थ्री, आणि सिल्व्हर घेऊन गेल्या. किंवा २०२४ ची पॅरिसची फायनल, अमेरिका ६७ फ्रान्स ६६. शेवटच्या क्षणी गॅबी विल्यम्सने बोर्डवर आपटून शॉट टाकला, आत गेला, पण पाय रेघेवर होता म्हणून तीनऐवजी दोन. पाय थोडा मागे असता तर ओव्हरटाइम. मी कोचिंगमध्ये पायाखाली बघायला शिकवते तेव्हा मुली कंटाळतात, आता हा व्हिडिओ लावते.

अजून एक बदल ज्याबद्दल फार बोललं जात नाही. २०१४ च्या एशियन गेम्समध्ये कतारच्या महिला टीमला हिजाब काढायला सांगितलं, त्यांनी नकार दिला आणि मॅच सोडावी लागली. २०१७ मध्ये फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेने, नियम बदलला, डोकं झाकून खेळायला परवानगी. कितीतरी देशांच्या मुलींसाठी कोर्टचं दार त्या दिवशी उघडलं.

सध्याची लाट खरी आहे. २०२४ ची कॉलेज महिला फायनल अमेरिकेत सरासरी १ कोटी ८० लाखांच्या वर लोकांनी बघितली, पुरुषांच्या फायनलला दीड कोटींच्या खाली. क्लार्कचा पहिल्या वर्षाचा बेस पगार तरी फक्त ७६,५३५ डॉलर होता. २०२४ पासून टीमना चार्टर विमानं मिळाली, २०२६ पासून टीव्हीचा ११ वर्षांचा सुमारे २.२ अब्ज डॉलरचा करार. पण एक आकडा उलटा गेलाय. टायटल नाइन आलं तेव्हा अमेरिकन कॉलेजांत महिला टीमच्या कोच ९० टक्क्यांहून जास्त बायकाच होत्या, सगळे खेळ धरून. पगार वाढले तसे पुरुष आले आणि हे प्रमाण निम्म्याच्या खाली गेलं.

आणि ज्या पालकांनी विचारलं होतं की बारा वर्षांच्या मुलीला साइज ७ घेऊन देऊ का, 'हात मजबूत होईल' म्हणून: नको. साइज ६ घ्या, हात फारच लहान असेल तर काही महिने ५ चालेल, शॉट रिंगजवळून सुरू करा आणि उडी मारून उतरताना गुडघे आत पडतायत का ते बघा, मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या दुखापती मुलांपेक्षा बऱ्याच जास्त होतात. हात आपोआप मजबूत होतो.